मृत्युंजय मी पूर्ण वाचलेलं नाही

हो, खरंच नाही वाचलं. आमच्याकडे ज्या घरात चारच पुस्तकं असतात त्यातलं एक हे असतंच, लग्नाबिग्नात भेट म्हणून पण देतात, त्यामुळे असं बोललं की लोक माझ्याकडे असं बघतात की मी कर्णालाच काहीतरी बोलले. कर्णाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तीनदा सुरू केलं आणि तिन्ही वेळा दुर्योधन बोलायला लागला की मन उठलं. शिवाजी सावंतांनी १९६७ साली एकच गोष्ट सहा जणांच्या तोंडून सांगितली, कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, भाऊ शोण आणि शेवटी कृष्ण, ही कल्पना मोठीच होती, पण मला ते सहा आवाज ऐकूच येत नाहीत. वरचं नाव झाकलं तर कोण बोलतंय ते सांगता यायचं नाही. सूताच्या घरात वाढलेला शोण आणि राजवाड्यातली कुंती, दोघंही तितकंच सजवून कसं बोलतील?

आवाजाचं मला जरा जास्तच लागतं, त्याला कारण आहे. मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी, दुकानात हिंदी, आणि खाली दिवसभर यंत्रमागाची खडखड. त्या खडखडीत पण कोणी नुसती हाक मारली तरी कुठल्या घरातला माणूस आहे ते कळायचं. मग पुस्तकात सगळे एकसारखे बोलायला लागले की मला ते खोटं वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

बनगरवाडी म्हणूनच दीड दिवसात संपली. एप्रिल होता, बाहेर बेचाळीस डिग्री, फरशीवर पाणी मारून आडवी होऊन वाचत होते. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची, पुस्तक लहानसंच, माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर एक पोरगेला मास्तर शाळा चालवायला जातो, बस एवढीच गोष्ट. पण कारभारी बोलला की कारभारीच बोलतो. आणि लेखक मधे येऊन काही समजावत बसत नाही. माणदेश आमच्या सांगोल्यापर्यंत येतो, पाऊस नाही म्हणजे काय ते इकडे कोणाला सांगावं लागत नाही, तरीपण शेवटी दुष्काळात वस्ती मोकळी होते ती पानं वाचताना घसा कोरडा पडला, उठून पाणी प्यायले तेव्हा बरं वाटलं.

विश्राम बेडेकरांचं रणांगण हुतात्मा एक्सप्रेसमध्ये वाचलं. १९३९ चं पुस्तक आहे यावर विश्वास बसत नाही. युरोपातून निघालेली बोट, चक्रधर आणि जर्मनीतून बाहेर पडावं लागलेली ज्यू हॅर्टा. पुणं आलं तेव्हा थोडी पानं राहिली होती, मी फलाटावरच्या बाकावर बसून ती संपवली आणि मगच बाहेर पडले.

नेमाड्यांचं हिंदू दोनशे पानांच्या आसपास राहिलंय. मोहेंजोदडोचं उत्खनन आवडलं होतं, मग माणसं, जाती, नाती, गोष्टीतून फुटलेल्या गोष्टी, रात्री कामावरून येऊन मला धागा सापडेना. ते वाईट नाहीये. त्याला सलग सुट्टी पाहिजे आणि ती मला मिळत नाही. पुस्तक कपाटातच आहे, आत खूण ठेवलेली आहे.

अक्करमाशी मात्र वेगळ्याच कारणाने सोडलं होतं. हे शरणकुमार लिंबाळ्यांचं आत्मकथन, ते हन्नूरचे, म्हणजे आपल्या अक्कलकोट तालुक्यातले. तोळ्याचे मासे बारा, अक्करमाशी म्हणजे अकराच, एक कमी, बापाचं नाव नसलेलं पोर. १९८४ साली आलं हे पुस्तक. मी कॉलेजात असताना घेतलं आणि भुकेच्या पानांवर आले तेव्हा बंद केलं, कारण त्याच दिवशी डब्यातली अर्धी भाकरी मी टाकून दिली होती. वर्षभर हात लावला नाही. मैत्रीण म्हणाली, "अगं, मग नको ना वाचूस, त्रास कशाला?" पण मला ते वाचायचंच होतं. परत पहिल्यापासून धरलं आणि संपवलं. महारवाड्यात आजीसोबत राहणारे दादा मुसलमान आहेत आणि त्या पोरावर जीव लावतात, ते वाचताना आमची गल्ली डोळ्यासमोर आली, एवढं खरं कोणीच लिहिलं नव्हतं माझ्यासाठी. कोणाला एकच पुस्तक सुचवायचं झालं तर मी हेच सुचवते.

माझं मृत्युंजय सध्या शेजारच्या दहावीतल्या मुलीकडे आहे. परीक्षा संपल्या संपल्या न्यायला आली. परवा जिन्यात भेटली, डोळे सुजलेले, म्हणाली, "मावशी, कुंतीनं त्याला नदीत सोडलं." मी म्हटलं, "हो गं." दुर्योधनाचं काही बोलले नाही. तिला अजून खूप पानं वाचायची आहेत.