आश्वे ते मुल्की: टपावर बोर्ड, डिकीत तंबू

सर्फिंगसाठी या किनाऱ्याला निघणाऱ्यांनी ठिकाणांची यादी नंतर करावी, आधी घड्याळ लावावं. गोव्यातल्या आश्वेपासून कर्नाटकातल्या मुल्कीपर्यंत आम्ही चौघं गाडीच्या टपावर बोर्ड बांधून गेलो, आणि सगळीकडे एकच गोष्ट खरी ठरली. चांगली लाट मिळते ती उजाडल्यापासून साडेनऊ-दहापर्यंत. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे पाठ केलेले असतात, तेच हे. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि येणाऱ्या लाटेला समोरून थोपवतो, त्यामुळे ती उशिरा आणि नीट फुटते. दहानंतर खारा वारा सुटला की पाण्याचा नुसता चुरा होतो. मग तासभर हात मारून दोन लाटाही धड मिळत नाहीत.

त्यामुळे बाकी सगळं आपोआप ठरतं. मुक्काम पाण्यापासून चालत पाच मिनिटांवर हवा, गाडी चालवायची ती दुपारी, आणि रात्री गप्पांचा फड लांबवायचा नाही. शेवटचं आमच्यात कुणाला जमलं नाही, तो भाग सोडा.

कधी जावं? पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा नाव काढू नका. सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये लाटांना जोर असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी शांत, लाट गुडघ्या-कमरेएवढी. पहिल्यांदा बोर्डवर उभं राहणाऱ्याला हाच काळ उत्तम. आम्ही दिवाळी उरकून निघालो, म्हणजे दोन्हींच्या सीमेवर. पाणी अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख, घरीच ठेवा. पण लांब बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाबरोबर बसणारा सदरा, हवाच, नाहीतर बोर्डवर घासून छाती आणि उन्हानं पाठ सोलवटून निघते.

कोल्हापूरहून आंबोली घाट उतरून सावंतवाडीमार्गे आश्वे गाठलं. सर्फिंग शिकवणाऱ्यांची दाटी आश्वे, मांद्रे आणि हरमल या पट्ट्यात आहे. ज्याला काहीच येत नाही त्यानं इथं दोन-तीन सकाळी शिकवणी लावावी आणि मगच खाली सरकावं. तळ वाळूचा आणि सपाट, त्यामुळे पडण्याची भीती कमी. भाड्याचा बोर्ड घेताना त्यावर आधीपासून असलेल्या खाचा आणि भेगांचे फोटो बोर्ड देणाऱ्यासमोरच काढा.

तंबूचं मात्र गोव्यात जपून. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात; तिथं रात्री उजेड, शेकोटी, तंबू काहीच नको. शिवाय पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यावर गोव्यात २०१९ पासून बंदी आहे, दंड होतो. आम्ही संपूर्ण प्रवासात एकच पद्धत ठेवली: किनाऱ्यालगतच्या घरी विचारायचं, वाडीत तंबू लावू का, न्हाणीघर आणि सकाळचा चहा मिळेल का. पैसे आधी ठरवायचे. बहुतेक ठिकाणी लोक आनंदानं हो म्हणतात. जागा निवडताना मान वर करून बघा. माडाखाली तंबू फोटोत छान दिसतो, पण नारळ पडताना विचारून पडत नाही. सुरूच्या झाडांखाली किंवा मोकळ्या अंगणात लावा. वाळूत मेखा टिकत नाहीत; प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून, तिला दोरी बांधून ती पुरायची, मग तंबू वाऱ्याला दाद देत नाही. दमट हवेमुळे पहाटे आतून पाणी ठिबकतं, म्हणून दोन्ही बाजूंनी जाळी असलेलाच तंबू घ्या.

बोर्ड टपावर बांधताना पुढचं टोक खाली वाकलेलं, म्हणजे बोर्ड पालथा, आणि फिन, म्हणजे बोर्डच्या शेपटाकडचे पंख, गाडीच्या पुढच्या बाजूला. पट्ट्याला एक पीळ दिला की वेगात तो भुणभुणत नाही. ही युक्ती कुणी सांगत नाही आणि पन्नास किलोमीटरमध्ये डोकं उठतं. उन्हात उभ्या गाडीत बोर्ड ठेवू नका. पाय घसरू नये म्हणून बोर्डवर चोळलेलं वॅक्स वितळून आसनांना लागतं ते परवडलं, पण आतला फोम तापून वरचा थर सुटला तर बोर्ड गेला.

कारवारला काळी नदीचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, तेव्हा वाहतूक शेजारच्या नव्या पुलावरून सुरू राहिली. गावात लाट नाही, उपसागर शांत आहे. पण कोकणी-मराठी सगळ्यांना कळते आणि जेवण घरच्यासारखं, त्यामुळे दुपारच्या जेवणाला थांबाच. पुढे आरग्याच्या नौदल तळाजवळ फोटोसाठी गाडी थांबवू नका. अंकोल्याजवळ शिरूरला जुलै २०२४ मध्ये महामार्गावर दरड कोसळून माणसं गेली होती. पावसाळ्यात हा पट्टा टाळावा हे सांगायचं दुसरं कारण हे.

गोकर्णात कुडले किनारा नवशिक्यांना बरा. ॐ किनाऱ्यावर दोन्ही बाजूंना खडक आहेत, ओहोटीला ते उघडे पडतात, तेव्हा मधल्या भागातच राहा. इथंच सगळ्यांनी शिकून घ्यावी अशी एक गोष्ट दिसली. दोन बाजूंना लाटा फुटतायत आणि मधे एक पट्टा शांत, थोडा गढूळ. पर्यटक पोहायला नेमके तिथंच उतरतात, कारण तो सुरक्षित वाटतो. लाटांनी आत ढकललेलं पाणी परत समुद्रात जातं ते याच वाटेनं. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे हात मारत दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ सुटली की लाटांबरोबर बाहेर या. बोर्ड असेल तर तो कधीच सोडू नका; बोर्ड पायाला बांधणारी दोरी रोज तपासा.

मरवंतेला महामार्गाच्या एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी. उतरा, बघा, चहा प्या. बोर्ड मात्र टपावरच राहू द्या, किनाऱ्याला दगड आहेत. कुंदापूरला तुपात परतलेलं घी रोस्ट चिकन खाल्लं आणि त्या संध्याकाळी कुणीही गाडी चालवण्याच्या लायकीचं उरलं नाही.

उडुपीच्या पुढचं कापू आम्हाला सगळ्यांत आवडलं. १९०१ सालचं दीपगृह खडकावर उभं आहे आणि खडकाच्या आसपास लाट चांगली आकार घेते. आधी वर चढून किंवा किनाऱ्यावर बसून पंधरा मिनिटं बघा की लाट कुठे फुटते आणि खडक कुठे संपतो. नवीन माणसानं खडकापासून लांब, मोकळ्या वाळूसमोरच उतरावं.

मुल्की म्हणजे भारतातल्या सर्फिंगचं आजोळ. अमेरिकेतून आलेले, संन्यास घेतलेले जॅक हेबनर यांनी २००४ मध्ये इथं सर्फिंग आश्रम सुरू केला. लोक त्यांना सर्फिंग स्वामी म्हणत. तिथं राहायचं तर शाकाहार आणि दारूबंदी पाळावी लागते. जवळच्या ससिहित्लूला, शांभवी आणि नंदिनी नद्या समुद्राला मिळतात त्या टापूत, २०१६ मध्ये पहिली इंडियन ओपन स्पर्धा झाली. नदी गाळ आणते, गाळाचे वाळूपट्टे होतात आणि लाट त्यांवर फुटते. पण दर पावसाळ्यात पट्टे सरकतात, म्हणून मागच्या वर्षीच्या वृत्तांतातली जागा, याही वृत्तांतातली, जशीच्या तशी धरू नका. तिथल्या पोरांना विचारा. ती तुळू बोलतात, हिंदी समजतात, आणि लाट फुटायला लागते त्या जागेच्या सगळ्यांत जवळ असेल त्याची लाट पहिली हा नियम कसोशीनं पाळतात. नदीच्या मुखातून ओहोटी सुरू असताना वल्हवत आडवं जाऊ नका.

भरतीचा हिशेब मुंबईकरांना वेगळा वाटेल. मुंबईत उधाणाला चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, गोव्यात दोनच्या आसपास, मंगळूरकडे त्याहून कमी. त्यामुळे खाली जाल तसं भरती-ओहोटीपेक्षा वाऱ्याकडे जास्त लक्ष द्यायचं. निघायच्या आदल्या रात्री हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा इशारा बघा. दूर दक्षिणेत वादळ झालं की इथं निरभ्र आकाशाखाली मोठ्या लाटा येऊन थडकतात.

पाण्यात चालताना पाय उचलू नका, घासत न्या. वाळूत पाकट असलं तर सरकून जातं. जेलीफिश लागली तर चोळू नका आणि गोडं पाणी ओतू नका, समुद्राच्याच पाण्यानं धुवा. गाडी खालून धुवून घ्या, मीठ पत्रा खातं.

गाडी नसेल तर कोकण रेल्वे आहे. थिवी, गोकर्ण रोड, उडुपी, मुल्की ही सगळी स्थानकं त्याच मार्गावर येतात. तंबू पाठीवर घ्या, बोर्ड तिथंच भाड्यानं घ्या. लांब बोर्ड डब्यात नेण्याच्या भरवशावर राहू नका. आधी पार्सल कार्यालयात विचारा.