यलो बेल्टनंतरचे सहा महिने

मे महिन्याच्या सुट्टीत नाशिकमध्ये कुठल्याही कराटे क्लासला जा, पाय ठेवायला जागा नसते. गंगापूर रोडच्या सोसायटीचं क्लबहाऊस असो, सिडकोतलं समाजमंदिर असो की नाशिकरोडच्या शाळेचं पटांगण, पांढऱ्या ड्रेसच्या रांगाच रांगा. शाळा सुरू होतात, पाऊस लागतो आणि रांगा विरळ व्हायला लागतात. पण नीट पाहिलं तर अगदी नवी मुलं फारशी गळत नाहीत. त्यांना नवलाई असते, ड्रेसला अजून दुकानाची घडी असते, पहिली परीक्षाही सोपी असते. खरी गळती यलो बेल्ट मिळाल्यावर आणि ग्रीन बेल्टच्या आधी होते.

कारण साधं आहे. व्हाइट बेल्टला रोज काहीतरी नवं मिळतं. आज पंच, उद्या ब्लॉक, परवा किक. यलो बेल्टला मात्र तोच पंच, तीच स्टान्स म्हणजे उभं राहायची ढब, फक्त आता सर म्हणतात, टाच टेकव, कंबर फिरव, दुसरा हात कमरेपर्यंत ओढ. प्रगती होत असते, पण ती मुलाच्या स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही. त्यातच सरांचं निम्मं लक्ष नव्या मुलांकडे जातं आणि उरलेलं स्पर्धेच्या मुलांकडे. मधली रांग आपापली हातपाय हलवत राहते. मधल्या रांगेतलं मूल एकदा कंटाळलं की आधी त्याचं पोट दुखायला लागतं, मग ट्यूशनची वेळ बदलते, मग ते येईनासं होतं.

म्हणून प्रोत्साहनाची सुरुवात मधल्या रांगेपासून करायला हवी, आणि ते टाळ्यांनी होत नाही. ‘व्हेरी गुड, शाबास’ हे तासाभरात चाळीस वेळा ऐकलेल्या नऊ वर्षांच्या मुलालाही कळतं की सर बघत नाहीयेत. त्याला सांगायचं ते नेमकं सांगा: ‘आज मागची टाच उचलली नाहीस.’ एवढं एकच वाक्य. झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून आणि मागचा पाय ताणून उभं राहण्याच्या स्टान्समध्ये, पंच मारताना मागची टाच उचलली जाणं ही जवळपास प्रत्येकाची चूक असते. टाच उचलली की जमिनीचा आधार सुटतो, कंबर वर येते आणि पंच नुसत्या खांद्याचा राहतो. ती टाच ज्या दिवशी टेकलेली राहिली, त्या दिवशी मुलाला हे कोणीतरी सांगायलाच हवं.

चुका सुधारतानाही एका वेळी एकच. क्रम खालून वर ठेवा: आधी पाऊल, मग गुडघा, मग कंबर, हात सगळ्यात शेवटी. पाऊल वाकडं असताना हात सरळ करत बसलं की दोन्ही बिघडतात. चूक सांगा, दहा वेळा करायला लावा, त्यातले तीन तिथंच उभं राहून बघा, पुढच्या मुलाकडे जा आणि शेवटच्या दोन वेळेला परत या. हे परत येणं बहुतेक जण विसरतात, आणि मूल वाट बघत असतं ते त्याचंच.

एक उदाहरण जवळून पाहू. मे-गेरी, म्हणजे समोरची किक. यलो बेल्टचा मुलगा पॅडवर पहिल्यांदा जोरात मारतो आणि पुढच्या क्षणी अंगठा धरून खाली बसतो. फुटबॉलला मारतात तसा त्याने पाय ताणून बोटांनी मारलेला असतो. लागायला हवा चवडा, आणि बोटं वर ओढलेली. ‘बोटं वर घे’ असं दहा वेळा ओरडून हे कळत नाही. त्याला दोन्ही पायांच्या चवड्यांवर उभं करा, टाचा वर. आता पावलाचा जो आकार झालाय, तोच किकचा आकार, हे दाखवा. मग भिंतीसमोर बसवून चवड्याने भिंत दाबायला लावा, प्रत्येक पायाने दहा वेळा. मग उभं राहून किकचे चार भाग मोजत: गुडघा वर, पाय पुढे, पाय परत, पाय खाली. पॅड सगळ्यात शेवटी, तोही पाव ताकदीने. पॅड धरणाऱ्यालाही शिकवावं लागतं. पॅड पोटाच्या उंचीवर, हात अंगाला चिकटून, किक येताना किंचित पुढे झुकून. घाबरून त्याने पॅड मागे घेतला तर मारणाऱ्याचा पाय हवेत पूर्ण सरळ होऊन गुडघ्याला झटका बसतो. दुसऱ्या दिवशी ‘पोटात दुखतंय’ म्हणून घरी राहिलेल्या मुलाच्या अंगठ्याची एकदा चौकशी करून बघा.

मावाशी-गेरीत, म्हणजे बाजूने फिरवून मारायच्या किकमध्ये, खालचा पाय फिरत नाही, ही दुसरी नेहमीची चूक. नव्या फोमच्या मॅटवर तळवा चिकटतो आणि वरचं अंग फिरलं तरी पाऊल जागीच राहतं. सगळा पीळ गुडघ्यावर येतो. मॅट नवी असेल तर आधी आठवडाभर नुसतं टाच उचलून पाऊल फिरवण्याचा सराव घ्या, किक नंतर.

काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा एकट्याने करायचा क्रम, विसरणं हे मुलं हिरमुसण्याचं मोठं कारण. शोतोकान या कराटेच्या शैलीतला पहिला मोठा काता हेयान शोदान, हालचाली 21. हेयानची मालिका मुळात पिनान या नावाने जपानच्या ओकिनावा बेटावरच्या शाळकरी मुलांसाठी कराटेचे शिक्षक आंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवली. तेव्हा तो मुलांना जमणारच नाही असा काही नाही. तरी मुलं अडकतात, आणि ठरावीक ठिकाणीच अडकतात. चौथी हालचाल, जिथे पुढचा पाय मागे ओढून वरून मूठ मारायची. नवव्या हालचालीला किआई, म्हणजे जोरात ओरडणं, झाल्यावरचं 270 अंशांचं वळण. आणि 17 व्या हालचालीच्या दुसऱ्या किआईनंतर पुन्हा तेवढंच वळण घेऊन थेट शुतो-उके, म्हणजे उघड्या हाताच्या कडेने ब्लॉक, तेही कोकुत्सु-दाची या मागच्या पायावर भार घ्यायच्या स्टान्समध्ये. तोवर साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायावर असतं, आता सत्तर टक्के मागच्या पायावर घ्यायचं.

अडकलं की ‘पहिल्यापासून कर’ सांगायची सवय मोडायला हवी. त्याने पहिल्या आठ हालचाली तोंडपाठ होतात आणि वळण कच्चंच राहतं. नवव्या हालचालीवर उभं करा, किआई द्यायला लावा, वळून अकरावीपर्यंत न्या आणि थांबवा. असं पाच वेळा. शेवटच्या चार हालचाली तर सगळ्यात आधी शिकवल्या तरी चालतात. मग मूल काता करताना अनोळखीकडून ओळखीच्या जागेकडे जातं, आणि शेवट ठाम होतो. वळताना कुठे बघायचं ते हॉलमधल्या वस्तूंवरून सांगा: आधी खिडकी, मग दार, मग घड्याळ. परीक्षेच्या आधी मात्र एकदा तोंड दुसऱ्या भिंतीकडे करून करून घ्या, नाहीतर दार हरवलं की काताही हरवतो.

किआईबद्दल एक. लाजऱ्या मुलाला एकट्याला पुढे बोलावून ‘ओरड, अजून जोरात’ करू नये. त्याला दुसऱ्या एका मुलाबरोबर जपानीतली मोजणी द्या: इची, नी, सान, शी, गो. वर्ग त्याच्या मोजण्यावर हलतो हे त्याने अनुभवलं की आवाज आपोआप सुटतो.

आता फाइट, म्हणजे कुमिते. यलो बेल्टनंतर ती सुरू होते आणि चांगलं शिकणारं मूल इथे एकदम मागे सरतं. भीती माराची कमी, चेहऱ्याकडे येणाऱ्या हाताची जास्त. हात येताना डोळे मिटतात. पहिले दोन आठवडे मारायचंच नाही. समोरच्याने उघड्या तळव्याने खांद्याला स्पर्श करायचा, याने फक्त एक पाऊल सरकायचं. मग इप्पोन कुमिते: हल्ला करणारा आधी ‘जोदान’ (चेहरा) किंवा ‘चुदान’ (छाती-पोट) सांगतो, मग येतो. मुलाला माहीत असतं काय येणार, म्हणून डोळे उघडे राहतात. त्यानंतर ग्लोव्हज घालून तीस-तीस सेकंद, फक्त हात, चेहरा वर्ज्य, अर्ध्या वेगाने. ‘भीती मोडायला’ म्हणून स्पर्धेतल्या मुलासमोर उभं करण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. त्याने भीती मोडत नाही, मूल मोडतं.

लागलं तर ‘रडतोस काय, मुलगा आहेस ना’ हे वाक्य वर्गातून हद्दपार करा. कुठे लागलं ते त्याला बोटाने दाखवायला सांगा, दोन मिनिटं बसवा, पाणी द्या आणि हातापायालाच लागलं असेल तर त्याच जोडीदाराबरोबर, त्याच दिवशी, सगळ्यात सोपा सराव करून घ्या. घरी जाताना शेवटची आठवण माराची राहू नये. डोक्याला लागलं असेल तर त्या दिवशीचा सराव संपला, मूल ‘मी ठीक आहे’ म्हणालं तरी. पालकांना स्वतः सांगायचं. डोकं दुखणं, चक्कर, उलटी, जास्त झोप, काहीही दिसलं तर लगेच डॉक्टर.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट फार कमी बोलली जाते. अकरा ते चौदाच्या दरम्यान चांगल्या मुली क्लास सोडतात. त्याचं एक साधं कारण ड्रेसचा पांढरा रंग. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या पँटमध्ये किक मारायची भीती वाटते, सरांना सांगता येत नाही, मग दर महिन्याला चार दिवस दांडी आणि शेवटी कायमची. उपाय सोपा आहे. एरवीच्या सरावाला कुणालाही, कधीही, कारण न सांगता काळी ट्रॅक पँट चालेल, असं सगळ्या वर्गासमोर जाहीर करा. पांढरा ड्रेस परीक्षेला आणि स्पर्धेला. वर्गात एखादी मॅडम किंवा मोठ्या बेल्टची ताई असावी. स्टान्स दुरुस्त करताना हात लावण्याआधी विचारावं, हे मुलांनाही लागू.

नाशिकचं स्वतःचं एक वेळापत्रक आहे आणि त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो, हॉलची फरशी बर्फासारखी असते. तेव्हा वॉर्म-अप दहाऐवजी पंधरा-वीस मिनिटं, तोही बूट घालून. जोर लावायचं स्ट्रेचिंग तासाच्या शेवटी, अंग तापल्यावर. थंड अंगाने स्प्लिटला बसवून वरून खांदे दाबणं तर कुठल्याच ऋतूत नको. पावसाळ्यात ड्रेस वाळत नाही. दुसरा ड्रेस घ्या म्हणण्यापेक्षा आठवड्यातले दोन दिवस टी-शर्टचे करा. गणपतीआधी मोठी मुलं ढोल-पथकात जातात. ‘ढोल की कराटे’ असं विचारलं की बहुतेकदा ढोल जिंकतो. त्यांना तेवढे दिवस शनिवारचा एकच तास द्या, तोही पायांचा आणि काताचा, कारण ढोलाने खांदे आधीच भरून आलेले असतात. दहावीच्या वर्षालाही असाच आठवड्याचा एक तास राखून ठेवला तर मुलं मार्चनंतर परत येतात. खेळाच्या वाढीव गुणांसाठी आलेल्या पालकांना मात्र पहिल्याच दिवशी खरं सांगा: त्याचे शासनाचे नियम ठरलेले आहेत, आणि कुठल्याही खासगी ओपन स्पर्धेच्या मेडलवर ते गुण मिळत नाहीत.

सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणाऱ्या आईवडिलांना रोज आणणं-नेणं जमत नाही. त्यांचं मूल आठवड्यात दोनच दिवस येत असेल तर त्याला घरचा दहा मिनिटांचा सराव द्या: वीस पंच, खुर्चीच्या पाठीला धरून प्रत्येक पायाने दहा संथ किक, एकदा काता. चटईवर किंवा अनवाणी, फरशीवर मोजे घालून नाही. मोजणी आजीने मराठीत केली तरी उत्तम. पालकांनी घरी जाताना गाडीवर ‘आज कोणाला हरवलंस?’ विचारण्यापेक्षा ‘मला ती किक शिकव’ म्हणावं. शिकवायला लागलं की मूल स्वतःची चूक स्वतः पकडतं.

बेल्ट परीक्षेला सगळ्यांना पास करायचं, हा कित्येकांचा प्रोत्साहनाचा मार्ग आहे. मला तो पटत नाही. तयारी नसलेलं मूल ग्रीन बेल्ट बांधून उभं राहिलं की व्हाइट बेल्टची मुलं त्याला काही विचारतात आणि त्याला सांगता येत नाही. ती लाज नापास होण्यापेक्षा वाईट. पण नापासाची वेळच शक्यतो येऊ देऊ नये. परीक्षेच्या तीन आठवडे आधी चाचणी घ्या, फीसुद्धा तेव्हाच सांगा, आणि जे तयार नाहीत त्यांच्या पालकांशी तेव्हाच बोला. तरी कोणी राहिलंच, तर निकाल सगळ्यांसमोर वाचू नका. त्याच्या हातात एक चिठ्ठी द्या: दोन गोष्टी जमल्या त्या, एक राहिली ती, आणि पुन्हा बघण्याची तारीख. ‘वळण 9 ते 10, शुक्रवारी’, असं. तारीख महिन्याच्या आतली हवी.

आणि दांड्या. लागोपाठ तीन तास मूल आलं नाही तर फोन करा, आणि आईशी दोन शब्द झाले की म्हणा, ‘जरा त्याला द्या.’ त्याला विचारा, अंगठा बरा आहे का, शुक्रवारी वळण बघायचंय ना. फीची आठवण त्या फोनवर करायची नाही, तिचा मेसेज दुसऱ्या दिवशी.