वाळवंटी गावाजवळ काळोखं आकाश शोधताना: नकाशावर किती विसंबावं?

वाळवंटातल्या छोट्या गावाबाहेर आकाश काळंच असणार, असं धरून चालू नका. तारे बघायला जागा शोधण्याची बाकीची कामं झटपट उरकतात. मला खरा वैताग आणला तो प्रकाशप्रदूषणाच्या रंगीत नकाशाने. नकाशावर सगळ्यात गडद पट्ट्यात असलेल्या जागी पोहोचावं, तर क्षितिजावर पांढरट उजेडाचा घुमट उभा!

हे नकाशे ज्या मोजमापांवर बेतलेले असतात ती बहुतेक व्हीआयआयआरएस या उपकरणाची असतात. ते २०११ साली सोडलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहावर आणि त्याच्या नंतरच्या भावंडांवर आहे. हे उपग्रह रात्री साधारण दीडच्या सुमारास वरून जातात. त्यामुळे अकराला बंद होणारे मैदानावरचे दिवे आणि दुकानांच्या पाट्या त्यांच्या हिशेबात येतच नाहीत. आपण मात्र आठ-नऊलाच दुर्बीण मांडून बसलेलो असतो. शिवाय या उपकरणाला साधारण ५०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचाच प्रकाश दिसतो. पांढऱ्या एलईडीचा निळा भाग ४५०च्या आसपास असतो, तो निसटतो. गावाने पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले, की नकाशावर गाव मंद झालेलं दिसू शकतं आणि प्रत्यक्षात आकाश उजळलेलं असतं, कारण निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. आणखी एक गोष्ट फार कमी जण पाहतात: आकाशाचं तेज दाखवणारे नकाशे बहुधा डोक्यावरच्या बिंदूचं तेज सांगतात, क्षितिजाचं नाही.

एखाद्या पंपाचा किंवा सौर प्रकल्पाच्या कुंपणावरचा एकटा फ्लडलाइट नकाशात विरून जातो, पण दोन किलोमीटरवरूनही तो डोळ्यांना अंधाराची सवय होऊ देत नाही. ही सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मोडायला एक झोत पुरतो. पवनचक्क्यांचे लुकलुकणारे लाल दिवे फोटोत हमखास येतात. म्हणून रस्ता दिवसा बघा, पण जागा पक्की करा ती रात्रीच, आणि चारही दिशांना क्षितिज न्याहाळून.

आकाशाचा काळोख मोजणारं स्काय क्वालिटी मीटर असेल तर फारच छान. आकडा जितका मोठा तितकं आकाश काळं; २१.७च्या वर मिळालं तर ती जागा सोडू नका. मोजणी सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्यावर, चंद्र नसताना करा. आकाशगंगा डोक्यावर असेल तर आकडा उगाच खाली येतो. मीटर नसेल तर त्रिकोण तारकासमूहातली एम३३ दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी शोधा. ती सरळ नजरेला दिसली, तर जागा अव्वल.

अंतराचा अंदाज सोपा आहे: गावापासून दुप्पट लांब गेलं की त्याचा उजेड साधारण साडेपाच पटींनी घटतो. पण दिशा अंतराइतकीच महत्त्वाची. उत्तर गोलार्धात गावाच्या दक्षिणेला जागा निवडा, म्हणजे उजेड उत्तरेला राहतो आणि धनु-वृश्चिकाकडचा आकाशगंगेचा गाभा मोकळा मिळतो. जवळची पण योग्य दिशेची जागा मला दूरच्या चुकीच्या दिशेच्या जागेपेक्षा केव्हाही बरी वाटते.

वारा सुटला असेल तर त्या रात्रीवरून जागेची परीक्षा करू नका. हवेतली धूळ गावाचा उजेड पसरवते. पाऊस पडून गेल्यानंतरची रात्र सर्वांत स्वच्छ.

जमीन कुणाची आहे हे विचारून रात्री थांबण्याची परवानगी आधीच घ्या. कोरड्या ओढ्याच्या पात्रात मुक्काम नको, वर कुठेतरी झालेल्या पावसाचं पाणी तिथे अचानक येतं. वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा कमी करा आणि परतताना भरायला पंप जवळ ठेवा. गाडीच्या आतला दिवा दार उघडताच लागतो, तो उजेड असतानाच बंद करून ठेवा.