बसण्याइतकंच उठण्याकडेही बघा

हल्ली क्लिनिकमध्ये येणारी तरुण मंडळी आधी मोबाइल पुढे करतात. रीलमध्ये कोणीतरी सांगत असतं, की खुर्चीत बसून बसून तुमचे ग्लूट्स, म्हणजे कुल्ल्यांचे स्नायू, झोपलेत, त्यांना जागं करा. मागोमाग प्रश्न येतो, "मॅडम, माझे झोपलेत का हो?" परवा विचारणारी मुलगी कोथरूडला राहते, कामाला हिंजवडीला. सकाळ-संध्याकाळ स्कूटर, मधला सगळा दिवस खुर्ची आणि घरी आल्यावर सोफा. तिची काळजी रास्त आहे. पण झोपणं वगैरे काही झालेलं नसतं. मी तिला पालथं झोपवलं, गुडघ्यात पाय दुमडून मांडी वर उचलायला सांगितली आणि तिचाच हात तिच्या कुल्ल्यावर ठेवला. स्नायू लगेच टणक झाला. म्हणजे निरोप पोचतोय, मज्जातंतू शाबूत आहे. ताकद तेवढी कमी आहे, कारण त्या स्नायूला दिवसभरात कामच पडत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कर्वे रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत बरीच वर्षं प्रॅक्टिस करते. कंबर, गुडघे, खुबे घेऊन माणसं येतात आणि निम्म्या वेळा बोलणं शेवटी कुल्ल्यांवर येऊन थांबतं. लोकांना हा विषय अवघड वाटतो, आवाज खाली जातो. मला यात लाजण्यासारखं काही दिसत नाही. शरीरातला सगळ्यांत मोठा स्नायू तिथे आहे. दंडाबद्दल बोलतो तितक्याच मोकळेपणानं त्याच्याबद्दल बोलायला हवं.

तिथे तीन मुख्य स्नायू आहेत, एकाखाली एक. वरचा ग्लुटियस मॅक्सिमस. कमरेच्या हाडाची मागची बाजू, त्रिकास्थी (कण्याच्या तळाचं तिकोनी हाड) आणि माकडहाड इथून तो निघतो आणि तिरका उतरत मांडीच्या हाडावर आणि मांडीच्या बाहेरून खाली जाणाऱ्या जाड पट्ट्यावर जाऊन बसतो. वाकलेला खुबा सरळ करणं हे त्याचं मुख्य काम. जमिनीवरून उठणं, चढ चढणं, पळणं, वाकून जड पिशवी उचलणं, हे सगळं त्याच्याच जिवावर. त्याच्याखाली, थोडे बाजूला मिडियस आणि मिनिमस. आपण एका पायावर आलो की कमरेचं हाड दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून ते धरून ठेवतात. चालताना प्रत्येक पावलाला क्षणभर आपण एका पायावरच असतो, त्यामुळे या दोघांना सुट्टी नाही.

आता एक करून बघा. लाकडी खुर्चीवर बसा, तळहात वर करून दोन्ही हात कुल्ल्यांखाली सारा. बोटांना दोन टणक गोळे लागतील. ती बसायची हाडं. उभं असताना मोठ्या स्नायूची खालची कड या हाडांना झाकते, पण बसायला खुबा वाकला की स्नायू वर सरकतो आणि हाड मोकळं होतं. मग टेकतो आपण त्या हाडांवर, मधे चरबी आणि कातडी. तेव्हा बसल्यानं स्नायू चेपून सपाट होतो ही समजूत सोडून द्या. बसण्यानं त्याचं नुकसान होतं ते एवढंच, की तेवढा वेळ त्याला काही करावं लागत नाही.

मग उभं राहून काम केलं तर? काही ऑफिसांत उंच टेबलं आली आहेत आणि लोक उत्साहानं सांगतात. बैठक मोडते ही चांगली गोष्ट आहे, पाठीला बदल मिळतो. पण नुसतं ताठ उभं असताना मॅक्सिमस जवळजवळ गप्पच असतो. विजेचे सेन्सर लावून मोजलं तरी फारशी हालचाल दिसत नाही. सपाट रस्त्यावर आरामात चालतानाही त्याला थोडंच करावं लागतं. म्हणून मी पेशंटना सांगते, की चांगल्या ठेवणीनं, म्हणजे अंग नीट धरण्यानं, स्नायू वाढत नाही, तो वाढतो भारानं. ठेवण ठरवते ती इतकंच, की आलेला भार कोणाच्या वाट्याला जाणार. पण याला ‘इतकंच’ म्हणणंही बरोबर नाही, कारण दिवसात आपण कितीतरी वेळा उठतो, चढतो, वाकतो. दर वेळी भार गुडघ्यावर आणि कमरेवर गेला, तर वर्षानुवर्षं कुल्ले कोरडेच राहतात.

मला सगळ्यांत जास्त बोलायचंय ते उठण्याबद्दल.

माझ्या सासूबाई शनिवार पेठेतल्या वाड्यात वाढल्या. जेवण पाटावर, भाजी विळीवर, धुणं उकिडवं बसून, संडास भारतीय पद्धतीचा, निजायला जमिनीवर गादी. व्यायाम हा शब्दही घरातल्या बायकांच्या वाट्याला आलेला नव्हता. पण पोळ्या लाटता लाटता तूप आणायला उठा, पुन्हा बसा, दार वाजलं, पुन्हा उठा. खुर्चीत बसल्यावर खुबा ९० अंशांच्या आसपास वाकतो. उकिडवं बसलं की तो १२०च्या आसपास जातो, मांडी पोटाला लागते. तिथून सरळ उभं व्हायचं म्हणजे मॅक्सिमस पूर्ण ताणलेल्या अवस्थेतून आकसतो, आणि वर अख्ख्या अंगाचं वजन. स्नायूला ताकद येण्यासाठी याहून चांगली सोय शोधून सापडायची नाही. आज सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढे आहेत आणि हात न टेकता जमिनीवरून उठतात.

वाड्याची जागा सोसायटीनं घेतली. उंच ओटा आला, डायनिंग टेबल आलं, कमोड आला, जमिनीवरची गादी जाऊन उंच बेड आला. मी हे सगळं वाईट म्हणणार नाही. ओट्यानं बायकांच्या पाठी वाचवल्या, कमोडनं म्हाताऱ्या माणसांची लाज राखली. फक्त या बदलात दिवसभराचं खोल बसणं-उठणं निघून गेलं आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत गुडघ्याच्या उंचीखाली एकदाही न बसणारी माणसं मला रोज भेटतात. त्यात तिशीची मुलंही आहेत.

जे उठतात त्यांची तऱ्हा बघा. सदाशिव पेठेतले एक काका गुडघेदुखीसाठी येतात. खुर्चीतून उठायचं म्हटलं की पाय पुढे पसरलेले, दोन्ही हात मांड्यांवर, एक हिसका, आणि उभे.

"काका, हात काढा मांडीवरून."

"अहो, मग उठू कसा?"

हाच तर प्रश्न आहे. पाय पुढे आणि पाठ मागे असली की वजन गुडघ्याच्या फार मागे राहतं. मग पुढची मांडी आणि हात मिळून ओढाताण करतात. मी त्यांना खुर्चीच्या कडेवर पुढे सरकायला सांगितलं. पावलं मागे, गुडघ्यांच्या थोडी आत, दोन्ही टाचा टेकलेल्या. मग पाठ न वाकवता खुब्यातून पुढे झुकायचं, नाक गुडघ्यांच्या पुढे जाईपर्यंत. कुल्ले आपोआप हलके होतात. तिथून टाचांनी जमीन खाली ढकलायची आणि वर आल्यावर खुबे पूर्ण सरळ करायचे. अर्धवट वाकलेलं राहून चालायला लागायचं नाही. खाली बसताना धपकन बसू नका, तोच रस्ता उलटा, सावकाश. काका उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले आणि म्हणाले, "इथे मागे कळतंय काहीतरी." ते मागे कळणं हवंय. पुढे झुकल्यावर खुब्यावरचा भार वाढतो आणि गुडघ्यावरचा कमी होतो, इतकं ते सरळ आहे.

जिन्यालाही हेच लागू. पर्वतीच्या १०३ पायऱ्या सकाळी अर्धं पुणं चढतं. मी मागून चालत असले की माझी नजर लोकांच्या पावलांवर जाते. बरेचजण पायरीवर फक्त चवडा टेकतात, अंग एकदम ताठ ठेवतात आणि खालच्या पायाच्या बोटांनी उडी घेतल्यासारखं वर जातात. मग पोटऱ्या भरून येतात, गुडघे कुरकुरतात आणि कुल्ले आयतेच वर पोचतात. पूर्ण पाऊल पायरीवर ठेवा, खुब्यातून किंचित पुढे झुका आणि वरच्या पायानं स्वतःला वर घ्या. खालच्या पायानं रेटा द्यायचा नाही. जमत असेल तर मधूनच एक पायरी सोडून चढा. सिंहगड आतकरवाडीच्या वाटेनं चढणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही, तिथल्या उंच दगडी टप्प्यांवर दुसरा इलाजच नसतो. उतरताना मात्र काम मुख्यतः पुढच्या मांडीचं असतं, तेव्हा उतरून आल्यावर मांड्या थरथरल्या तर कुल्ल्यांचा व्यायाम झाला असं समजू नका.

उभं राहण्याच्या दोन सवयी मला खटकतात. पहिली ओट्यापाशी दिसते, लक्ष्मी रस्त्यावर साड्या बघताना दिसते आणि बसस्टॉपवर तर हमखास. सगळं वजन एका पायावर, त्या बाजूचा खुबा बाहेर काढलेला, दुसरा गुडघा ढिला. अशा वेळी मिडियस ताणलेला आणि सैल असतो, शरीर बाहेरच्या जाड पट्ट्याला लोंबकळत असतं. बाळाला कायम एकाच कडेवर घेणाऱ्या आयांचंही तेच. अधूनमधून असं उभं राहिलं तर काही बिघडत नाही. रोज, तासन् तास आणि नेहमी त्याच बाजूला, हे मात्र त्रासाचं. आरशासमोर एका पायावर अर्धा मिनिट उभं राहा. उचललेल्या पायाच्या बाजूची कंबर खाली झुकली, तर ज्या पायावर उभे आहात त्याचा मिडियस कमजोर आहे, असं साधारण धरायला हरकत नाही. ही खूण ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन सर्जननं १८९५ मध्ये सांगितली, आम्ही आजही रोज वापरतो. एका पायावर उभं असताना खुब्याच्या सांध्यावर अंगाच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो. यावरून मिडियसचं काम किती मोठं आहे ते कळेल.

दुसरी सवय कंबर पुढे ढकलून, खांदे मागे सोडून उभं राहण्याची. मोबाइल बघत उभी असलेली कॉलेजची मुलं बघा. कमरेचं हाड मागे कलतं, खुब्याच्या पुढच्या अस्थिबंधांवर अंग टेकतं आणि मागून कुल्ले सपाट दिसतात. हे दिसणं आणि स्नायू लहान असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठेवण सुधारली की दिसण्यात फरक त्याच दिवशी पडतो, स्नायू मात्र होता तेवढाच असतो. याच्या उलट, पाठीला बाक देऊन कुल्ले मागे काढले की ते भरलेले दिसतात. फोटोसाठी ती ठेवण धरून ठेवणाऱ्या मुली कंबर धरून माझ्याकडे आल्या आहेत. त्यांना मी कळकळीनं सांगते, आरशातल्या कोनाला भुलू नका, किती वजन उचलता येतं ते बघा.

स्कूटरबद्दल थोडंच. तासभर पाठीची कमान करून बसू नका, आणि मागच्या खिशातलं जाड पाकीट काढून ठेवा, ते एका बाजूचं हाड उचलतं आणि तिथल्या नसेला दाबतं.

खुब्याच्या पुढचे स्नायू आखडले म्हणून मागचे दुबळे झाले, हे चित्र यांडा या चेक डॉक्टरांनी मांडलं आणि ते जगभर पसरलं. काही पेशंटमध्ये ते तंतोतंत दिसतं, पुष्कळांमध्ये दिसत नाही. म्हणून फक्त खुब्याचा पुढचा भाग ताणत बसण्यात मी वेळ घालवत नाही. ताण द्या, बरं वाटतं, पण त्यानं कुल्ले भरणार नाहीत.

भरण्यासाठी भार वाढत जायला हवा. उताणं झोपून कंबर उचलणं, मग ते एका पायावर, मग ओटीपोटावर वजन ठेवून. टाचा टेकवून खोल बैठका, स्टुलावर चढणं, खुब्यातून वाकून वजन उचलणं. तालमीतल्या बैठका मला मनापासून आवडतात. पण त्यात टाचा उचललेल्या आणि अंग ताठ असतं, म्हणून त्या पुढच्या मांडीला जास्त पोसतात. त्यांच्या जोडीला वाकून उचलण्याचा एखादा व्यायाम असू द्या. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, आकार नाही, कारण आधी मज्जासंस्था शिकते. आकाराला महिने लागतात, आणि ताटात प्रथिनं लागतात. नुसत्या पोळी-भाजीवर भागणार नाही. मटकीची उसळ, घट्ट वरण, दही, पनीर, चालत असतील तर अंडी, यातलं काहीतरी दोन्ही जेवणांत असू दे. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होतच असतात, साठीनंतर वेग वाढतो. म्हणून आई-वडिलांनाही यात ओढा.

ज्यांनी कित्येक वर्षांत जमिनीवर बसून बघितलेलं नाही, त्यांनी एकदम पाट मांडू नये. साधी खुर्ची सुमारे ४५ सेंटीमीटर उंच असते. गुडघे दुखत असतील तर तिच्यावर दोन उशा ठेवा आणि तिथून हात न लावता उठा. सहज जमलं की एक उशी काढा, मग दुसरी, मग बुटकं स्टूल, आणि पाट सगळ्यांत शेवटी. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर खाली बसणं आणि मांडी घालणं सर्जननं परवानगी दिल्याशिवाय करू नका. जांघेत दुखलं किंवा मांडीमागून पोटरीकडे मुंग्या आल्या, तर व्यायाम तिथेच थांबवा आणि आधी तपासून घ्या.