दस्त्याला तेल, लाख की पीयू?

रायफलीच्या लाकडी दस्त्याला कोणतं पॉलिश लावावं, असं कुणी विचारलं की बहुतेक वेळा मनात चकाकी असते. चकाकी कशानंही येते. अडचण ओलाव्याची आहे. दमट हवेत लाकूड रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. दस्त्याचं नळीखालचं पुढचं लाकूड फुगून नळीला एका बाजूनं टेकलं की मे महिन्यात बरोबर लागणारी गोळी ऑगस्टमध्ये सरकते. मग मालक नेम धरायची साइट फिरवत बसतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीरक्षणाच्या परवान्यावर हत्यार बाळगणाऱ्यांनी तरी आधी याचा विचार करावा.

जवसाच्या तेलाची कीर्ती मोठी आहे. ब्रिटिश लष्कर आपल्या ली-एनफिल्ड रायफलींच्या दस्त्यांना कच्चं जवसाचं तेलच लावायचं. ओरखडा पडला तर त्यावर पुन्हा दोन थेंब चोळले की काम झालं, हा त्याचा मोठा गुण. पण दमट हवा ते जवळपास अडवत नाही. अमेरिकेत मॅडिसनच्या सरकारी वन-उत्पादन प्रयोगशाळेनं वेगवेगळे लेप दमट हवेत ठेवून तपासले, तेव्हा जवसाच्या तेलाचा अडसर दोन आठवड्यांत शून्यावर आला होता. टंग ऑइल (टंग झाडाच्या बियांचं तेल) पाण्याच्या थेंबाला बरं टिकतं, पण बाष्पाच्या बाबतीत तेही फारसं पुढे नाही. शिवाय कच्चं तेल वाळायला अनेक दिवस घेतं आणि कोकणातल्या पावसात त्यावर बुरशी येते. तेलच लावायचं असेल तर ‘डबल बॉइल्ड’ लिहिलेला डबा घ्यावा. त्यात वाळवणारी द्रव्यं घातलेली असतात.

चपडा लाखेचं पॉलिश बाष्प तेलापेक्षा पुष्कळ चांगलं अडवतं, पण पाणी साचलं की पांढरं पडतं आणि स्पिरिटनं विरघळतं. भिंतीवर टांगायच्या बंदुकीला ते शोभतं. फर्निचरवाले मारतात तो दोन डब्यांतली द्रव्यं मिसळून लावायचा पीयू (पॉलियुरेथेन) ओलाव्याला सगळ्यांत दणकट. मात्र एकदा खरचटला की तेवढाच भाग दुरुस्त होत नाही, सगळा काढावा लागतो. झाडीत वापरायच्या हत्याराला त्याची काचेसारखी चमक मला तरी नकोशी वाटते.

म्हणून आतून एक आणि बाहेरून दुसरं, असं करावं. पाणी शिरतं ते मुख्यतः तासलेल्या, न रंगवलेल्या जागांतून: नळीची खाच, ॲक्शन (बोल्ट आणि घोड्याचा धातूचा भाग) बसते तो खड्डा, स्क्रूची भोकं आणि बटप्लेटखालचं, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या (बटच्या) पट्टीखालचं उघडं टोक. या टोकाला लाकडाच्या नळ्या सरळ उघड्या असतात, तिथून पाणी सर्वांत वेगानं वर चढतं. कारखान्यातून आलेल्या पुष्कळ दस्त्यांत नेमकी हीच जागा कोरी असते. इथे थिनरनं पातळ केलेल्या पीयूचे दोन-तीन हात द्यावेत. जाड हात देऊ नये, नाहीतर ॲक्शन पूर्वीसारखी बसत नाही.

बाहेरून तेल आणि वार्निशचं मिश्रण लावावं: डबल बॉइल्ड जवसाचं तेल, साधं तेलाधारित वार्निश आणि टर्पेंटाइन समभाग. एका दस्त्याला एकूण १५० मिलि मिश्रण पुरून उरतं. दोन डब्यांचा पीयू यात घालू नये, तेलात तो नीट सुकत नाही आणि चिकट राहतो.

काम सुरू करण्यापूर्वी मॅगझिन काढून, बोल्ट उघडून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी आणि बोटानं तपासावं. सुताराकडे फक्त लाकूड द्यावं. परवाना नसलेल्या माणसाच्या ताब्यात हत्यार देणं हा गुन्हा आहे. ली-एनफिल्ड नंबर १ धाटणीचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो. त्यात बटचा लांब बोल्ट फिरवण्याआधी पुढचं लाकूड काढलंच पाहिजे. या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं, तसाच फिरवला तर लाकूड चिरतं.

जुना लेप ओळखायला लपलेल्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवावा. मऊ पडला तर लाख. तसं झालं नाही तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर लावावा, त्यानं विरघळला तर लॅकर. दोन्हींनी ढिम्म राहिला तर पीयू किंवा जुनं वार्निश, त्याला रिमूव्हर लागेल. मशीननं घासू नये, धातूलगतच्या कडा गोल होतात आणि लाकूड धातूपेक्षा खाली बसतं. ठोकळ्यावर १८०, २४०, ३२० नंबरचा पॉलिशपेपर रेषांच्या दिशेनं चालवावा. पकडीवरच्या चौकटी नक्षीवर टेप लावावी. पोच असेल तर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवावी, वाफेनं दबलेले तंतू उठतात. शेवटी ओल्या फडक्यानं पुसून वाळू द्यावं, उभे राहिलेले लाकडाचे तंतू ३२० नं हलक्या हातानं काढावेत.

पहिला हात सढळ द्यावा आणि २० मिनिटांनी उरलेलं सगळं पुसावं. पुसणं राहिलं की चिकट थर बसतो, निम्म्या तक्रारी याच्याच असतात. दुसऱ्या हाताला ४०० चा वॉटरपेपर मिश्रणात भिजवून घासावं. निघणारा लगदा अक्रोडाच्या लाकडाच्या छिद्रांत भरतो, तो रेषांना आडवा पुसावा. पुढचे चार-पाच हात अगदी पातळ, तळहातानं चोळून, प्रत्येकात किमान २४ तास. जुलैत हेच अंतर दोन-तीन दिवसांवर जातं, त्यामुळे काम दिवाळीनंतर काढावं. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकी आपोआप पेटतात. ती पाण्यात बुडवावीत किंवा बाहेर एकेक पसरून वाळवावीत.

ॲक्शनमागचं लाकूड काळं आणि मऊ असेल तर ते बंदुकीच्या तेलानं मुरलेलं असतं. त्यावर काहीच धरत नाही. खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून थापावी, सुकली की झटकावी आणि पूड पिवळी होणं थांबेपर्यंत पुन्हा थापावी. पुढे तेल कमी वापरावं आणि साफ केल्यावर रायफल एक रात्र नळीचं तोंड खाली करून ठेवावी, म्हणजे जास्तीचं तेल दस्त्यात उतरणार नाही.