190 मिलीलिटर

मुंबईत डोंगरीतल्या आशुराच्या, म्हणजे मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या, रक्तदान शिबिराला रक्तपेढीची तंत्रज्ञ म्हणून माझी ही चौथी खेप. बाहेरच्यांना वाटतं, सुई टोचणं अवघड. अवघड असतं ते परत पाठवणं. हिमोग्लोबिन 12.5च्या खाली, वजन 45 किलोच्या आत, पोट रिकामं, तर रक्त घ्यायचं नाही. आणि आशुराला पोट रिकामंच असतं. करबलात इमाम हुसैन आणि त्यांच्या माणसांचं पाणी तोडलं होतं, म्हणून शिया लोक या दिवशी असरपर्यंत, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजापर्यंत, फाका करतात. तो रोजा नव्हे. रोजाची नियत न करता नुसतं अन्नपाणी सोडणं. शिबिर असरनंतर ठेवा, असं दरवर्षी सांगते. पण जुलूस माझगावच्या रहमताबाद कब्रस्तानाकडे निघतो त्याच वेळी पोरांना रक्त द्यायचं असतं, आणि आमच्या वरिष्ठांना पिशव्यांचा आकडा हवा असतो. पावसाळा, डेंग्यू, प्लेटलेट्सची मागणी. हे सगळं मलाही कळतं. पण नियम पाळायची जबाबदारी शेवटी टेबलावर बसलेल्या माणसावर येते.

तो विशीतला होता. रांगेत त्यानेच सांगितलं, घरात बाप-लेकाची तकलीद वेगळी, दोघं वेगवेगळ्या धर्मगुरूंचं मानतात. इराणचे धर्मगुरू खामेनेईंनी 1994 मध्ये तलवारीच्या मातमाविरुद्ध, शोक म्हणून स्वतःचं रक्त काढण्याविरुद्ध, फतवा दिला, तो हा मानतो. वडील दुसऱ्या मरजाचे, म्हणजे धर्मगुरूचे; पाठीवर मारायची पात्यांची जंजीर सोडत नाहीत. मी खूश होऊन म्हणाले, "चांगलं केलंस. रस्त्यावर वाया जाण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी येईल." नाश्ता केलास का, यावर तो पटकन "जी" म्हणाला. त्या पटकन म्हणण्याकडे माझं लक्ष जायला हवं होतं.

350च्या पिशवीत रक्त गोठू नये म्हणून 49 मिली द्रावण आधीच भरलेलं असतं. ते बरोबर तेवढ्याच रक्तासाठी मोजलेलं. रक्त फार कमी पडलं की प्रमाण बिघडतं आणि पिशवी रुग्णाला देता येत नाही. पिशवी हलवत रक्त मोजणाऱ्या मिक्सरवर आकडा 190 झाला आणि त्याला जांभई आली. रक्तदात्याची जांभई दिसली की मी हातातलं सगळं टाकून धावते. कपाळावर घाम, ओठ पांढरे. नळी बंद केली, सुई काढली, पाय वर उचलून धरले. मिनिटभरात तो शुद्धीवर आला. मी रस पुढे केला, तर त्याने तोंड फिरवलं. "असर तक नहीं, दीदी."

कुणीतरी जुलूसमधून वडिलांना बोलावून आणलं. काळा कुर्ता पाठीला चिकटलेला, अंगाला गुलाबपाण्याचा वास. त्यांनी माझ्या हातातला ग्लास घेतला. "पी ले बेटा. जान बचाना वाजिब है." त्याने वडिलांकडे बघत बघत सगळा रस प्यायला.

मग ते माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता. "मॅडम, आप बोलीं कि हमारा खून जाया जाता है. बेटे ने बताया. जाया नहीं जाता. वो हमारा रोना है."

मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. माझ्या डोक्यात रक्तातून पसरणारे हेपॅटायटिस बी, सी. पाती एकमेकांच्या हातात फिरतात का, मी विचारलं. "मेरी जंजीर मेरी ही है," ते म्हणाले. चार वर्षं शिबिराला येतेय, हा साधा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला. त्याआधी फक्त आमचं घोषवाक्य ऐकवत होते. मुलगा खाटेवर उठून बसला तेव्हा वडिलांनी त्याच्या दंडावरची पट्टी दाबून धरली होती. शिबिराला त्यांचा विरोध आहे असं मी धरून चालले होते. तसं ते एकदाही म्हणाले नाहीत.

संध्याकाळी पेढीवर ती पिशवी मीच बाद केली. नोंदवहीत कारण लिहिलं, अपुरं संकलन. मग ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक, मग पिवळ्या पिशवीतला कचरा.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "दीदी, मेरा खून किसी को लगा?"

पिशवीवर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. कुणाला लागलं ते आम्ही सांगत नाही, असं मी म्हणाले. नियम तसाच आहे. पण त्याने 'कुणाला' विचारलं नव्हतं.