आमची वाटचाल : सैल होणारी धमनी, न ऐकणारं शरीर

उच्च रक्तदाबासाठी अम्लोडिपिन आहे, लोसार्टान आहे, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आहेत. पेटंट केव्हाच संपलेली, दिवसातून एकदा घ्यायची, दुष्परिणाम डॉक्टरांना तोंडपाठ. मग तुम्ही आणखी एक औषध कशाला करताय? पैसे मागायला जिथे जिथे गेलो, तिथे हा प्रश्न आधी आला आणि आमची ओळख नंतर.

प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार ३० ते ७९ वयोगटातल्या सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना तो असल्याचा पत्ताच नाही. त्या निम्म्यांना आमच्या औषधाची गरज नाही, त्यांच्या दंडाला कुणीतरी पट्टा बांधायला हवा. उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांचं आहे त्या गोळ्यांवर भागतं. आमचा रुग्ण त्यापलीकडचा. मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी, धरून तीन प्रकारची औषधं पूर्ण मात्रेत चालू आहेत, माणूस ती नेमाने घेतोय, तरी आकडा खाली यायला तयार नाही. डॉक्टर याला रेझिस्टंट हायपरटेन्शन म्हणतात. कंपनी काढली ती यांच्यासाठी.

सुरुवात दोघांनी केली. मी रसायनशास्त्राचा. रेणूवर इथे एक फ्लोरीन बसव, तिथलं वलय बदल, हा माझा उद्योग. भागीदार फार्माकॉलॉजीच्या. त्यांना कंपनीत सगळे मॅडम म्हणतात, मीसुद्धा. पूर्ण नाव फक्त भागीदारीच्या कागदावर आहे. त्यांच्या हाताला एक कला आहे, जी विकत मिळत नाही. उंदराच्या आतड्याच्या पडद्यातली, जेमतेम २०० मायक्रॉन व्यासाची धमनी चरबीतून सोडवायची, तिचा दोन मिलिमीटरचा तुकडा कापायचा आणि आतल्या अस्तराला धक्का न लावता त्यातून केसाहून बारीक अशा दोन तारा ओवायच्या. एक तार स्थिर, दुसरी बल मोजणाऱ्या यंत्राला जोडलेली. भोवती बाथ, म्हणजे छोट्या भांड्यात ३७ अंशांचं क्रेब्ज नावाचं क्षारांचं द्रावण, त्यात ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. हा वायर मायोग्राफ. आमचा पहिला मायोग्राफ वापरलेला घेतला होता, आणि बरीच वर्षं कंपनीची खरी मालमत्ता म्हणजे तो आणि मॅडमचे हात, एवढीच होती.

बारीक धमन्यांवरच एवढा भर का, तर दाबाचा हिशेब तिथेच ठरतो. नळीतल्या प्रवाहाला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. त्रिज्या दहा टक्के वाढली की विरोध जवळपास एक तृतीयांशाने उतरतो. गुंतवणूकदारांना दाखवायला हे गणित फार देखणं आहे, आणि तिथेच ते फसवं आहे.

कारण मॅडम पहिल्यापासून एक वाक्य म्हणत आल्यात : "बाथमध्ये काय, काहीही सैल होतं." फेनिलएफ्रिन घालून धमनी आवळायची, मग आपलं कंपाउंड थोडंथोडं वाढवत जायचं, आणि आलेख खाली घसरताना पाहून खूश व्हायचं. पण कंपाउंड विरघळवायला वापरलेलं डीएमएसओ जरा जास्त झालं, तर तेही धमनी सैल करतं. म्हणून शेजारच्या बाथमध्ये नुसत्या द्रावकाची धमनी हवीच. फार तेलकट रेणू प्लॅस्टिकच्या नळ्यांना चिकटतो, स्वतः दुबळा दिसतो आणि पुढच्या प्रयोगातली धमनी उगाच सैल करतो. शिवाय अस्तर शाबूत आहे का, हे आधी असिटिलकोलीन घालून पाहायचं. ते शाबूत असेल तरच असिटिलकोलीनने धमनी सैल होते, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० साली दाखवलं. अस्तरातून सुटणारा तो पदार्थ पुढे नायट्रिक ऑक्साइड निघाला आणि १९९८ चं नोबेल या कामाला मिळालं. आमच्याकडे नवीन माणूस आला की त्याचे पहिले काही महिने याच चाचणीत जातात. कंटाळतात बिचारे.

घर चाललं ते याच कौशल्यावर. औषध शोधणाऱ्या कंपनीला विकायला माल नसतो, पगार मात्र दर महिन्याला असतात. त्यामुळे आम्ही दुसऱ्यांची कंपाउंडं तपासून द्यायला लागलो. गंमत अशी, की बहुतेक ग्राहकांना "सैल होत नाही" हे उत्तर हवं असतं. त्यांचं औषध दम्याचं किंवा कर्करोगाचं असतं, आणि रक्तदाब कोसळवणारा दुष्परिणाम आधीच कळावा एवढीच त्यांची अपेक्षा. आमच्या रक्तदाबाच्या औषधाचा खर्च अशा रीतीने रक्तदाबाशी संबंध नको असलेल्या लोकांनी उचलला.

स्वतःसाठी आम्ही पोटॅशियमची वाट धरली. धमनीच्या स्नायूपेशीत कॅल्शियम शिरलं की पेशी आवळते. अम्लोडिपिन कॅल्शियमची दारं थेट बंद करतं. दुसरा मार्ग पोटॅशियमची दारं उघडण्याचा. पोटॅशियम बाहेर पडलं की पेशीची आतली बाजू जास्त ऋण होते आणि कॅल्शियमची दारं आपोआप मिटतात. मिनॉक्सिडिल हे जुनं रक्तदाबाचं औषध हेच करतं, केएटीपी नावाच्या चॅनेलवर, म्हणजे अशाच एका दारावर. या चॅनेलचे भाऊबंद हृदयात आणि स्वादुपिंडातही आहेत. हेच दार उघडणाऱ्या डायझॉक्साइडने साखर वाढते ती त्यामुळेच. आम्ही घेतलं पोटॅशियमच्याच दारांचं दुसरं, केव्ही-७ कुटुंब. यातला ७.१ हृदयात, ७.२ आणि ७.३ मेंदूत, तर ७.४ आणि ७.५ रक्तवाहिन्यांत महत्त्वाचे. रेटिगॅबिन हे अपस्माराचं औषध या कुटुंबातली ७.२ ते ७.५ ही दारं उघडायचं. त्याने काहींची लघवी अडायची, त्वचा निळसर पडायची, आणि २०१७ मध्ये ते बाजारातून गेलं. तरी गोळीच्या रूपात ही दारं उघडता येतात, हे त्याने सिद्ध करून ठेवलं होतं. माझं काम उरलं ते मेंदूतली सोडून रक्तवाहिनीतली उघडणारा रेणू बनवण्याचं. सांगायला एक वाक्य, करायला कित्येक वर्षं.

त्यातच या क्षेत्रातली सगळ्यात त्रासदायक गोष्ट पुढ्यात होती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की उच्च रक्तदाबाच्या उंदरांच्या धमन्यांत केव्ही-७.४ चं कामच घटलेलं असतं. म्हणजे औषध ज्या दारावर चालायचं, तेच आजारात कमी झालेलं. निरोगी उंदराच्या धमनीवर मिळालेला सुंदर आलेख अशा वेळी कुणाच्या कामाचा? आम्ही नियम केला : पहिली चाचणी एसएचआर उंदराच्या धमनीवर. क्योटोमध्ये ओकामोटो आणि आओकी यांनी १९६३ साली ही जात तयार केली. या उंदरांचा दाब वयाबरोबर आपसूक चढतो. या नियमाने माझे अतिशय लाडके रेणू कचऱ्यात गेले. जे उरले ते ताकदीने मध्यम होते, पण आजारी धमनीतही चालत होते.

आता मूळ मुद्दा. धमनी सैल केली की शरीर ते मुकाट्याने मान्य करत नाही. मानेतल्या धमनीच्या भिंतीतले दाबग्राहक मेंदूला कळवतात, हृदयाचे ठोके वाढतात, मूत्रपिंड दाब चढवणारं रेनिन सोडतं, मीठ आणि पाणी साठायला लागतं. हायड्रॅलझीन या धमनी सैल करणाऱ्या औषधाची हीच रड. मिनॉक्सिडिलसोबत तर ठोके आवरणारं बीटा-ब्लॉकर आणि मूत्रल द्यावंच लागतं, नाहीतर हृदयाच्या आवरणात पाणी साचण्यापर्यंत मजल जाते. निफेडिपिनच्या झटपट चढणाऱ्या कॅप्सूल एकेकाळी सर्रास वापरायचे. १९९० च्या दशकात त्यांवर इशारे आले, कारण दाब एकदम पडतो आणि हृदयावर ताण येतो. त्याच वर्गातलं अम्लोडिपिन मात्र टिकलं. ते रक्तात हळू चढतं, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, ३० ते ५० तास आहे, आणि त्यातला अमाइन गट पेशीच्या पडद्याला धरून बसतो. दोन्ही औषधांचं दार एकच, फरक वेगाचा.

आमच्या कंपनीत यावर बरेच वाद झाले. रसायनशास्त्रज्ञाला ताकद वाढवायची सवय असते, कारण ती आकड्यात दिसते. मॅडमचं म्हणणं, ताकद पुरे, आता रेणू संथ करा. शेवटी त्यांचं ऐकलं. उंदरांच्या शेपटीला पट्टा लावून दाब मोजणं बंद केलं, कारण धरून ठेवल्यानेच उंदराचा दाब चढतो. त्याऐवजी पोटात बारीक रेडिओ-प्रक्षेपक बसवून दिवसरात्र दाब आणि ठोके एकत्र पाहायला लागलो. हे महाग पडतं आणि त्यासाठी सेवेच्या कामातला बराच नफा गेला. पण ज्या रेणूने दाब उतरला आणि ठोके फारसे हलले नाहीत तोच पुढे, असं ठरवता आलं ते यामुळेच.

विषारीपणाच्या चाचण्यांत दुसरी परीक्षा झाली. बाहेरच्या प्रयोगशाळेकडून आलेल्या अहवालात सर्वांत वरच्या मात्रेला कुत्र्यांच्या हृदयात इजा नोंदवली होती. त्या दिवशी ऑफिसात कुणी फारसं बोललं नाही. वस्तुस्थिती अशी, की रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधांत हे जुनं, ओळखीचं चित्र आहे. कुत्र्याचं हृदय या बाबतीत फार हळवं; दाब अति उतरला आणि ठोके अति वाढले की अशी इजा होते, मिनॉक्सिडिलनेही झाली होती. उंदरांत फेनॉल्डोपॅमने आतड्याच्या धमन्या खराब होतात, हेही पुस्तकात आहे. पण "हे सगळ्यांना होतं" एवढ्यावर औषध नियामक पुढे जाऊ देत नाही, आणि देऊ नयेच. इजा रेणूच्या विषारीपणाची की दाब कोसळण्याची, हे दाखवायला आम्हाला मात्रा, ठोके आणि इजा यांचा मेळ घालणारा वेगळा अभ्यास करावा लागला. ज्या मात्रेला ठोके वाढत नव्हते, तिथे हृदय स्वच्छ होतं. हर्ग या हृदयातल्या पोटॅशियम चॅनेलची तपासणी अर्थात कधीच झाली होती; पोटॅशियमच्या वाटेला जाणाऱ्याने हृदयाची लय आधी बघायची असते.

२०२४ मध्ये अमेरिकेत अप्रोसिटेंटानला मंजुरी मिळाली आणि आमच्या बैठकांचा सूर बदलला. एंडोथेलिन या आकुंचक पदार्थाला अडवणारं हे औषध नेमकं अशा हट्टी दाबासाठी आहे. आमच्यासाठी त्याच्या चाचणीतले आकडे जास्त बोलके. ७३० रुग्ण, सगळ्यांना आधी तीन औषधांची एकच ठरावीक गोळी. चार आठवड्यांनी औषधाच्या गटात वरचा दाब सुमारे १५ मिलिमीटरने उतरला, आणि नुसत्या दिखाऊ गोळीच्या गटातही ११.५ ने. खरा फरक चारच्या आसपास. एवढा फरक पकडायला शेकडो रुग्ण लागतात, आणि ते आमच्यासारख्या मूठभर लोकांच्या कंपनीला झेपणारं नाही. मुख्य दुष्परिणाम? अंगात पाणी साठणं. म्हणजे नवा रस्ता घेतला तरी मूत्रपिंड वाटेत उभं आहेच.

म्हणून सध्या दोन गोष्टी चालू आहेत. पहिल्या टप्प्याच्या मानवी चाचणीची कागदपत्रं तयार होतायत. त्यात निरोगी स्वयंसेवकांचा दाब किती उतरतो याला आम्ही फार किंमत देणार नाही. ठोके, वजन आणि रेनिन हे तीन आकडे रोज बघणार आहोत. लघवी अडते का, याचीही नोंद ठेवणार, कारण मूत्राशयातही केव्ही-७ आहे. दुसरीकडे आमचा रेणू दुसऱ्या कंपनीला परवान्यावर देण्याच्या वाटाघाटी सुरू आहेत. पेटंटची २० वर्षं अर्ज केल्यापासून मोजली जातात आणि त्यातला मोठा भाग संपलाय, तेव्हा समोरचा घासाघीस करणारच. आमची अट एकच. पुढच्या टप्प्यात रुग्णांना मूत्रल पहिल्या दिवसापासून द्यायचं, नंतर सूज आल्यावर नव्हे. त्याने औषधाचा स्वतःचा परिणाम कागदावर थोडा कमी दिसेल, हे आम्हाला मान्य आहे. समोरच्या कंपनीला अजून नाही. पुढची बैठक त्यावरच आहे, आणि या वेळी आलेख घेऊन मॅडम स्वतः जाणार आहेत.